पुरीच्या कणकेची मूठ

गेली पंचवीस वर्षं मी यंत्रांची अंगं काढते आहे. अंग म्हणजे बाहेरचं प्लास्टिकचं घर. आत सर्किट, बॅटरी, तारा असं दुसऱ्यांचं काम, आणि वरून माझं. द्राक्षातली साखर मोजायचं हातातलं मीटर, कांद्याच्या चाळीत टांगायचं तापमानाचं यंत्र, खिशात मावणारी विजेरी, असलं काय काय मी संगणकावर काढलंय, आणि निफाड-सटाण्याकडे त्यातलं बरंच अजून कुणाकुणाच्या खिशात असेल. पण तुझं सगळ्यात चांगलं काम कुठलं, असं कुणी विचारलं, तर मी सांगते ते यंत्र जगात एकच बनलं, आणि दिसायला ते आल्याच्या तुकड्यासारखं होतं. ऐकणारा हसतो. हसू दे बापडा.

ते मामांचं यंत्र. मामा माझे नात्यातले कुणी नव्हते. अंबडच्या एमआयडीसीत आमची कंपनी होती, तिच्या टूलरूमचे, म्हणजे साचे-हत्यारं बनवायच्या खात्याचे, ते मिस्त्री. मालकापासून झाडूवाल्या मावशींपर्यंत सगळ्यांचे मामाच. गाव निफाडकडचं, शिक्षण सातवी, आणि आवाज असा की पत्रा ठोकायच्या बारा प्रेस एकदम धडधडत असल्या तरी वरून ऐकू यायचा. मी डिप्लोमा करून तिथे लागले तेव्हा टूलरूममध्ये पाऊल ठेवणारी पहिली मुलगी होते. पहिल्याच दिवशी मामांनी सगळ्यांसमोर विचारलं, "काय गं पोरी, लेथ आणि लाटणं यातला फरक कळतो का?"

मी जात्याच फटकळ. म्हटलं, "कळतो ना मामा. लाटणं टाळक्यात घालता येतं."

मग मामा असे हसले, असे हसले, की पलीकडच्या खात्यातली माणसं बघायला आली. त्या दिवसापासून मी त्यांची 'इंजिनेर' झाले, आणि दुपारी त्यांच्या डब्यातला पहिला घास माझा. मामींच्या हातचा ठेचा खाऊन मी ड्रॉइंग बोर्डवर वाकायचे तेव्हा डोळ्यांतून पाणी यायचं आणि ते ट्रेसिंग पेपरवर पडायचं. अहाहा, काय दिवस होते! पेन्सिलीला टोक करून करून बोटं काळी व्हायची. एक रेघ चुकली की ब्लेडनं खरवडायची. वैताग यायचा तेव्हा. आता त्या वैतागाचीसुद्धा आठवण येते.

टूलरूममध्ये मामांची एक पद्धत होती, तिला आम्ही 'मूठ घेणं' म्हणायचो. हातात धरायची कुठलीही वस्तू करायची असली की आधी मामा लांबीचा गोळा मळायचे, खिडकीच्या काचा बसवतात ती लांबी, आणि सगळ्या कंपनीत फिरवायचे. वॉचमन, मावशी, मालक, मी, ज्यानं त्यानं एकेक गोळा मुठीत दाबायचा. मग त्या सगळ्या मुठी फळीवर ओळीनं वाळत ठेवायच्या, खाली खडूनं कोणाची ते लिहायचं. मामा त्यांच्याकडे कमरेवर हात ठेवून बघत उभे राहायचे आणि मग सांगायचे, इथं जरा फुगीर कर, इथं खोल घे. मी एकदा म्हटलं, मामा, कशाला एवढा उपद्व्याप? तर म्हणाले, "हातात धरायची वस्तू हाय ना? मग हाताला इचारायचं की! तुझ्या त्या बोर्डाला काय इचारू?"

पुढे बोर्ड गेला आणि संगणक आला. त्याच्यासाठी वेगळी खोली, एसी, आणि बाहेर चपला काढायच्या! मामा दारातूनच डोकवायचे, कारण त्यांच्या बुटांच्या नाड्या सोडायचा त्यांना कंटाळा. मी मात्र त्या पडद्याच्या प्रेमातच पडले. कागदावर तीन बाजूंनी काढावी लागणारी वस्तू इथे सबंध उभी राहायची, माऊसनं गरगर फिरवता यायची, चिरून आतली बॅटरी बसते का ते बघता यायचं. त्या सॉफ्टवेअरमध्ये एक तयार हातही होता. करड्या रंगाचा, पाच बोटांचा, अगदी गोंडस. आपण काढलेल्या वस्तूशेजारी तो आणून ठेवायचा आणि बोटं पोचतात का ते बघायचं. झालं, मी मुठी घेणं बंद केलं. मामा दारातून त्या हाताकडे बघून म्हणाले, "ह्या हाताला कधी घाम येतो का गं?"

मी म्हटलं, "मामा, तुमचा जमाना गेला आता."

बोलून गेले. दोन दिवस मामा माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी डब्यासोबत पिशवीभर गावठी बोरं आणली आणि माझ्या टेबलावर आपटून गेले. आमचं भांडण मिटलं, पण मुठी काही परत आल्या नाहीत. मला कामाची घाई असायची, आणि पडद्यावरचा हात कधी नाही म्हणायचा नाही.

मग मामांचा आवाज बसला. आधी आम्ही चेष्टा केली, ओरडून ओरडून गंज चढला म्हणून. तंबाखू होतीच. महिने गेले तरी सुटेना, तेव्हा मुलानं धरून दवाखान्यात नेलं. पुढचं काय सांगायचं. स्वरयंत्र काढून टाकावं लागलं. गळ्याला श्वासासाठी भोक राहिलं, डावा खांदा वर उचलेनासा झाला, आणि तो बारा प्रेसवरून जाणारा आवाज गेला. जीव वाचला, हे सगळ्यांनी एकमेकांना पुन्हा पुन्हा सांगितलं.

पाथर्डी फाट्याच्या मागे त्यांचं घर. मी दर रविवारी जायचे. मामा खिडकीशी बसलेले, मांडीवर नातवाची पाटी. काही हवं असलं की दोन शब्द लिहायचे, तेही चिडून, कारण लिहिणं हा त्यांचा प्रांतच नव्हता. मामी आधी पुष्कळ बोलायच्या, शेजारणीचं, भाजीवाल्याचं, सुनेचं. हळूहळू त्यांचंही कमी झालं. एकदा मला सोडायला फाटकापर्यंत आल्या आणि म्हणाल्या, "चाळीस वर्षं ह्या माणसाच्या आवाजानं माझं डोकं उठायचं गं. आता मी तरी एकटीच किती बोलू? पलीकडून हूं नाही की चूं नाही. मीपण गप्पच बसते आता." आणि पदर तोंडाला लावला. मी गाडीला किक मारली, पण कितीतरी वेळ ती सुरूच झाली नाही, कारण किल्लीच लावली नव्हती.

अशा माणसांसाठी एक यंत्र असतं. गळ्याला बाहेरून लावायचं, बटण दाबलं की त्याची चकती थरथरते, ती थरथर तोंडात जाते, आणि आपण ओठ-जीभ हलवली की तिचेच शब्द होतात. आवाज भुंग्यासारखा येतो, पण बोलता येतं. दवाखान्यातून मामांना एक वापरून बघायला दिलं होतं. जाडजूड, विजेरीएवढं, चारी बोटांनी धरून अंगठ्यानं बटण दाबायचं. मामांनी दोन-तीनदा गळ्याला लावलं, दोन-तीनदा ते हातातून पडलं, आणि त्यांनी ते कपाटात टाकून दिलं. पुन्हा काढलंच नाही. मुलगा म्हणाला, बाबांनी मनच सोडलंय. डॉक्टरही तेच म्हणाले. आणि मी? मी तर एका रविवारी मामांवर ओरडलेच. "असं कसं चालेल मामा? प्रयत्न तरी करा ना! मामींसाठी तरी!" मामांनी माझ्याकडे बघितलं आणि तोंड भिंतीवरच्या कॅलेंडरकडे फिरवलं. आज तो प्रसंग आठवला की माझी मलाच लाज वाटते.

मी ठरवलं, यंत्रच अवजड आहे, आपण छोटं करू. छोटं करण्यात तर माझा हातखंडा! सर्किट करणारा आमच्याकडे कळवणचा एक जण होता, मितभाषी, मामांनी त्यालाही कधीकाळी सोलपटून काढलेलं. त्याला सांगितलं तर तो नुसतं "किती जागा देता?" एवढंच म्हणाला. मी म्हटलं, काड्यापेटीएवढी. त्यानं कपाळाला हात लावला आणि कामाला लागला. जेवणाच्या सुट्टीत आणि रविवारी दुपारी आम्ही ते करायचो. एक-एक मिलिमीटरसाठी भांडायचो. बॅटरी आडवी की उभी, चार्जिंगची पिन कुठून, चकतीची थरथर बॉडीत शिरून हाताला मुंग्या येऊ नयेत म्हणून मध्ये रबर केवढं. तीन महिन्यांनी जे तयार झालं ते इतकं देखणं होतं, की मालकांनी दोन दिवस आपल्या टेबलावर मिरवलं. चपटं, गुळगुळीत, कडा गोल, आणि अंगठ्याशेजारचं पहिलं बोट जिथे अलगद टेकतं तिथे बटण. पडद्यावरच्या हातात तर ते असं शोभत होतं, की विचारू नका.

पेढे घेऊन गेले मी मामांकडे. त्यांनी यंत्र घेतलं, उलटंसुलटं करून बघितलं, माझ्याकडे बघून भुवया उडवल्या, म्हणजे काम आवडलं. मग गळ्याला लावलं. पडलं. पुन्हा लावलं. पुन्हा पडलं. तिसऱ्यांदा त्यांनी दात-ओठ खाऊन धरलं, आणि तेव्हा कुठे मी त्यांच्या हाताकडे बघितलं.

मामांच्या उजव्या हाताचं पहिलं बोट मधल्या पेरापासून नव्हतं. शेजारच्या बोटाला टोक नव्हतं.

मी यायच्या आधी कधीतरी प्रेसनं घेतलेली बोटं ती. आणि आता तुम्ही म्हणाल, बाई, इतकी वर्षं तुला दिसलं नाही? रोज दिसायचं हो! त्याच हातानं मला घास दिला, त्याच हातानं खडूनं साच्याचं चित्र काढून दाखवलं, पाठीत धपाटे घातले. पण आमच्याकडे प्रेसवर उमेदवारी केलेल्या माणसाची बोटं कुणी मोजतच नाही. कुणाचं एक पेर, कुणाचं अख्खं बोट, निम्म्या खात्याची तीच गत. ते डोळ्यांना सवयीचं झालेलं. डॉक्टरांच्या लक्षात आलं नाही एक वेळ समजू शकते. मुलगा त्या हाताला धरून चालायला शिकला, त्याच्याही लक्षात आलं नाही. आणि मी शहाणीनं बटण नेमकं तिथे ठेवलं होतं, जिथे मामांचं बोट संपून गेलेलं. दवाखान्यातलं चारी बोटांनी धरायचं, तेही म्हणूनच पडत होतं. डावा हात तर वर जातच नव्हता. आणि आम्ही सगळे म्हणत होतो, मन सोडलंय!

"मग सांगायचं ना मामा!" मी किंचाळले. आणि काय बोलले ते कानांवर पडल्यावर मटकन खाली बसले आणि लहान पोरीसारखी रडायला लागले.

वर बघितलं तर मामा हसत होते. आवाज नाही, नुसते खांदे गदगदताहेत आणि गळ्याच्या भोकातून फुसफुस हवा येते आहे. मग उठले, स्वयंपाकघरात गेले. आतून मामींचा आवाज आला, "अहो! अहो, पोळ्यांची कणीक आहे ती!" मामा परत आले तेव्हा त्यांच्या मुठीत कणकेचा मोठा गोळा होता. माझ्यासमोर उभं राहून त्यांनी हनुवटी वर केली, गोळा गळ्याला टेकवला आणि करकचून दाबला. मग अलगद बोटं सोडवून तो माझ्या हातावर ठेवला. मामांनी मूठ दिली होती. इतक्या वर्षांत मी पहिल्यांदाच त्यांच्याकडून ती घेत होते.

डब्यात घालून निघाले, तर अंबडला पोचेपर्यंत कणकेनं अंग सोडलेलं. तेल-पाण्याची मऊ कणीक ती, बसली पसरून. उलट पावली परत! मामी म्हणाल्या, "अगं, मग पुरीची भिजवते ना, घट्ट!" त्यांनी दगडासारखी कणीक मळली, मामांनी पुन्हा दाबली, आणि ह्या वेळी मी तो डबा तासभर त्यांच्याच फ्रीजमध्ये ठेवून मग नेला.

दुसऱ्या दिवशी कळवणवाल्यानं आणि मी त्या मुठीचे दोऱ्यानं काप केले, कोथिंबीर वडीचे करतात तसे. प्रत्येक काप आलेखाच्या कागदावर ठेवून त्याच्या कडेनं पेन्सिल फिरवली. किती वर्षांनी हातात पेन्सिल आली होती, बोटं लगेच काळी! ते सगळे आकार संगणकात घालून एकावर एक रचले आणि त्यांच्यावरून कातडं ओढायला सांगितलं. संगणक जाम ऐकेना. लाल अक्षरांत कुरकुर करायचा, हा आकार होत नाही, तो आकार होत नाही. त्याला सगळं गुळगुळीत, सरळ पाहिजे. मी म्हटलं, तुझ्यायला, तुला माझ्या मामांचा हात होत नाही? रांगत रांगत एकेक कड हातानं जुळवली. करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटानं कणीक कशी घट्ट धरली होती ते त्यात दिसत होतं. अर्ध्या बोटाचा एक वाटोळा खळगा होता, तो मी जसाच्या तसा ठेवला, म्हणजे तेही बोट बिचारं कुठेतरी टेकेल. सगळ्यात खोल दाब अंगठ्याच्या बुडाशी होता, तळहाताच्या मांसल भागाखाली. बटण तिथे गेलं. गळ्याला लागून कणीक जिथे चपटी झाली होती, त्याच तिरपेपणानं चकती बसवली. कळवणवाल्याला सर्किट पुन्हा कापावं लागलं. थ्रीडी प्रिंटरवर थरावर थर चढवून ते वेडंवाकडं बाहेर आलं तेव्हा मालक म्हणाले, "हे काय गं? आल्याचा तुकडा?" ते यंत्र मी घरी बसून पॉलिश पेपरनं घासलं.

रविवारी दुपारी गेले. मामी आत मेथी निवडत होत्या, त्यांना मुद्दाम काही सांगितलं नाही. पेढ्यांचा अनुभव ताजा होता. मामांच्या हातात ठेवलं, तर हात मिटला आणि यंत्र दिसेनासंच झालं, इतकं ते आत जाऊन बसलं. गळ्याला लावलं. दाबलं. घुंऽऽ! नुसतीच गुणगुण. मी म्हटलं, ओठ हलवा मामा, दम नका लावू, नुसते ओठ. आठ-नऊ महिने बोलायला ओठ हललेच नव्हते त्यांचे. जागा सापडेना, वर-खाली करत राहिले. घुंऽ, घुंऽ. हेही नाही झालं तर मी पुन्हा ह्या घरात कुठल्या तोंडानं येऊ, असं वाटायला लागलं.

आणि मग, सपाट, एकाच सुरात, कुठे चढ नाही की उतार नाही, असं आलं: "बटण. घट्ट. हाय."

मी हसले का रडले मला आठवत नाही. "सैल करते मामा. आत्ता करते." त्यांनी पुन्हा दाबलं. "नको. राहू दे. बरं. हाय."

"कोण आलंय गं?" मामींनी आतून विचारलं.

मी तोंड उघडणार, तर मामांनी डोळ्यांनीच दटावलं. नीट बसले, जागा पुन्हा चाचपून बघितली आणि दाबलं.

"कोणी नाय. मी."

मेथी निवडल्याचा आवाज थांबला. मामी दारात आल्या, मुठीत मेथीची काडी. आधी माझ्याकडे बघितलं, मग आवाज तिथून आला की काय म्हणून माझ्या हातातल्या फोनकडे, मग मामांकडे. मामांच्या गळ्यावरच्या मुठीकडे बघतच राहिल्या.

"मी. बोलतोय."

मामी चौकटीला धरून उभ्या राहिल्या. "हा तुमचा आवाज नाही हो," त्या म्हणाल्या.

मामांनी यंत्र पुन्हा गळ्याला नीट टेकवलं. मग म्हणाले, "आता. हाच. हाय."

मामींनी पदरानं डोळे पुसले. आल्या आणि त्यांच्यासमोर खालीच बसल्या.

"असू दे," म्हणाल्या. "बोला."